‘एकच प्याला’ मंडईला घेतोय: सुधाकर बुडतो तो दारूनं की मानानं?

धानाचा_बांध
नमस्कार मंडळी. यंदा मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, आमच्या गावच्या हौशी मंडळानं गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ घ्यायचं ठरवलं आहे. तालुका ब्रह्मपुरी, म्हणजे पूर्व विदर्भातली पक्की, नाटकवेडी झाडीपट्टी. प्रेक्षक रात्री दहा-साडेदहाला शाली-घोंगड्या घेऊन बसतात ते पहाटेशिवाय उठत नाहीत, त्यामुळे पाच अंकांची भीती नाही. अडचण आहे ती समजुतीची. नायक सुधाकर करणारा गडी पहिल्या प्याल्यापासूनच झिंगायला लागतो आणि लोक हसतात. त्याला दारू लावणारा तळीराम करणारा डोळे वटारून खलनायक करतो. सुधाकरची बायको सिंधू पहिल्या प्रवेशापासून पदर डोळ्याला लावते. वर ग्रामपंचायतीची इच्छा अशी की हे व्यसनमुक्तीचं नाटक म्हणून व्हावं. तालमीआधी पात्रं, भाषा आणि नाटकाचा गाभा नीट समजून घ्यायचा आहे. काय कापावं, काय अजिबात कापू नये, हेही सांगा.

संहितावाचक
फार चांगलं नाटक धरलंत. यावर आपल्या विदर्भाचा हक्कही आहे. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला नागपूरजवळ सावनेरला वारले आणि गंधर्व नाटक मंडळीनं पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ ला बडोद्याला केला. पुरता महिनाही मध्ये नाही. लेखकानं हे नाटक रंगमंचावर पाहिलंच नाही. ते ज्यांना गुरू मानत ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर खामगाव आणि जळगाव जामोदला वकिली करत. सुधाकरही वकीलच आहे, हे वाचताना लक्षात असू द्या. वकील म्हणजे शब्दावर जगणारा माणूस.

आता मुद्दा. सुधाकरला दारू पाडत नाही, त्याला मान पाडतो, असं मी म्हणतो. हे पटवण्यासाठी एक साधं काम करा. संहितेची एक प्रत घ्या, लाल आणि निळी पेन्सिल घ्या. जिथं जिथं कुणी सुधाकरला कमी लेखतं, किंवा त्याला तसं वाटतं, तिथं लाल रेघ. जिथं प्याला हातात येतो तिथं निळी. पाचही अंक असे रंगवा. निळ्याच्या आधी लाल जवळपास हटकून सापडते. कोर्टात मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, खटका उडतो, वकिलीची सनद जाते, मग तळीराम प्याला पुढं करतो. प्याला आपण होऊन सुधाकरकडे चालत आलेला नाही, अपमानानं त्याच्यासाठी जागा करून दिली आहे.

आणि ती सनद कायमची जात नाही, काही काळापुरती जाते! इथं बहुतेक दिग्दर्शक घाई करतात. थोडे दिवस गप्प बसला असता तर सगळं पूर्ववत झालं असतं. पण गरिबीतून निव्वळ बुद्धीवर वर आलेल्या माणसाला ते ‘थोडे दिवस’ काढता येत नाहीत. ज्याच्यामागं घराणं असतं, शेती असते, तो अपमान गिळून घरी बसू शकतो. सुधाकरजवळ स्वतःच्या हुशारीशिवाय काही नाही आणि नेमका तिचाच चारचौघांत पाणउतारा होतो. जुन्या ग्रीक शोकांतिकेबद्दल अॅरिस्टॉटल जे सांगतो ते इथं बसतं: नायक दुष्ट नसावा, त्याच्या हातून चूक व्हावी. इथं तर ती चूक त्याच्या मोठेपणाच्याच पोटातून येते. सुधाकरचा मानीपणा हा त्याचा गुण आहे. त्याच गुणानं त्याला वकील केलं आणि त्याच गुणानं त्याला बसवलं.

म्हणून सुधाकरच्या नटाला पहिल्या अंकात दारू शिकवू नका, ताठ मान शिकवा. तो मित्र रामलालशी कसा बोलतो, सिंधूशी कसा वागतो, यात प्रेक्षकाला तो आवडला पाहिजे. पहिल्या अंकात आवडला नाही तर पाचव्यात कुणाला वाईट वाटणार नाही.

मोहफूल
संहितावाचक सर, अर्धं मान्य. अर्धं नाही. गडकऱ्यांनी नाटकाचं नाव ‘मानभंग’ ठेवलं नाही, ‘एकच प्याला’ ठेवलं. काहून? कारण अपमान हजारो लोकांचा होतो, सगळे सुधाकर होत नाहीत.

तुमच्या लाल-निळ्या रेघा पहिल्या दोन अंकांत बरोबर बसतील. पुढं पाहा. मध्यावर लाल रेघ नसतानाही निळी येऊ लागते. तिथून प्याल्याला कारण लागत नाही. सुधाकर शपथ घेऊन दारू सोडतो आणि पुन्हा धरतो, तो भाग शरीराच्या बाजूनं वाचा. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की साधारण सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, अन्न समोर नकोसं होतं. काहींना दोन-तीन दिवसांनी भास होतात. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी मोहाची कुठं गाळतात हे पोराटोरांना ठाऊक असतं. हे हात आपल्या प्रेक्षकांनी घरात, शेजारात पाहिलेले आहेत. नटानं खोटं केलं तर पहिल्या ओळीतली म्हातारी ओळखेल.

अभिनयाच्या दृष्टीनं म्हणाल तर झिंगणं आणि सुधाकर यांचा संबंधच तोडा. खरा पिणारा, त्यातही शिकलेला, आपण प्यालो नाही हे दाखवायला धडपडतो. पाऊल मोजून टाकतो. शब्द नेहमीपेक्षा जास्त स्पष्ट उच्चारतो. दार उघडण्याआधी हाताची जागा ठरवतो. खुर्ची आधी चाचपतो, मग बसतो. नटाला सांगा, ‘तू प्यालेला आहेस’ असं नाही, ‘तुला शुद्धीत दिसायचं आहे’ असं. उचकी, डोलणं, जीभ जड करणं हे सगळं आर्य मदिरा मंडळाच्या, म्हणजे नाटकातल्या दारुड्यांच्या मंडळाच्या, प्रवेशाला देऊन टाका, तिथं लोकांना मनसोक्त हसू द्या. आपल्याकडे बेवडा हे ठरलेलं विनोदी काम आहे. सुधाकरनं त्यातली एक लकब जरी उचलली तरी हशा पिकतो, आणि तो हशा पुढं बाळाच्या मृत्यूपर्यंत पाठ सोडत नाही.

संहितावाचक
शरीराचा मुद्दा मी कमी धरला होता, मान्य. मग असं म्हणू या: दार मानानं उघडलं, पण आत आल्यावर घर दारूनं ताब्यात घेतलं. मान मात्र दोनदा परत येतो, आणि दोन्ही वेळा घात करतो.

पहिल्यांदा शपथेनंतर. दारू सोडून तो काम मागायला जातो, आणि ज्यांच्यात उठबस होती तेच लोक त्याला झिडकारतात. शरीर आधीच कासावीस, त्यावर हा घाव. तुमची थरथर आणि माझी लाल रेघ इथं एका जागी येतात. हा प्रवेश कापायचा मोह होतो, कारण वरवर काही ‘घडत’ नाही. कापला तर शपथ मोडणं म्हणजे नुसता कमकुवतपणा वाटतो आणि शोकांतिकेचा कणाच निघून जातो. दुसऱ्यांदा अगदी शेवटी, विषाच्या प्याल्यात. स्वतःचा न्याय तो स्वतःच करतो, दुसऱ्या कुणाला करू देत नाही. तिथं तो पुन्हा पहिल्या अंकातला वकील दिसला पाहिजे. आवाज स्थिर, नजर स्थिर, हात अजिबात न थरथरणारा. संपूर्ण नाटकभर थरथरलेला हात त्या एका प्याल्याला थरथरत नाही. हे नटानं साधलं तर मंडपात चिडीचूप होईल.

धानाचा_बांध
मोहफूल भाऊ, संहितावाचक सर, दोघांचेही मनापासून आभार. थरथरीचं सगळं लिहून ठेवतो. तळीरामाबद्दल सांगा. त्याला दुष्ट करायचं नाही तर मग करायचं काय?

प्रॉम्प्टर
तळीराम दुष्ट नाही हो. त्याला सोबती पाहिजे. ‘ऑथेल्लो’तला इयागो घ्या. देवलांनी १८९० साली ‘झुंजारराव’ नावानं ते मराठीत आणलं. इयागो मनात डाव धरून नायकाला खड्ड्यात ढकलतो आणि स्वतः काठावर उभा राहतो. तळीराम आधीच खड्ड्यात आहे, तिथून हात वर करून बोलावतो की या, इथं बरं आहे. तो स्वतःही दारूनंच मरतो. म्हणून पहिला प्याला देताना त्याच्या आवाजात लबाडी नको, माया हवी. दुखऱ्या मित्राला औषध देतो आहोत असंच त्याला वाटतं. प्रेक्षकालाही क्षणभर वाटलं पाहिजे की घे बाबा, एकानं काय होतं! तसं वाटलं की नाटकानं त्यालाही धरलं.

आणि त्या वेळी रामलाल कुठं आहे ते पाहा. तो विलायतेच्या वाटेला लागलेला. सुधाकरला आवरू शकणारा माणूस नेमका त्या घडीला जवळ नाही. गडकऱ्यांनी मोहरे असे मांडले आहेत. सुरुवातीचा निरोपाचा प्रवेश म्हणूनच ‘नुसती ओळख’ समजून उरकू नका.

आता नावाचं. आपल्या झाडीबोलीत ळ चा र होतो, डोळ्याचा डोरा. वऱ्हाडाकडचा नट असला तर ळ चा य. तालमीत कुणी ‘तरीराम’ म्हणेल, कुणी ‘तयीराम’. गावाकडच्या बोलीची लाज धरायचं कारण नाही, पण या नाटकात पात्राच्या नावावर कोट्या आहेत, आणि तळीराम हा शब्द पुढं मराठीत दारुड्यासाठी सर्रास रूढ झाला. तेवढा ळ घोटून घ्या. जिभेचं टोक मागं वळवून टाळूला लावायचं आणि पुढं झटकायचं. ‘तळी, तळ, तळमळ’ हे तीन शब्द रोज वीस-पंचवीस वेळा म्हटले तर आठवड्यात बसतो. बाकी मदिरा मंडळातली एक-दोन फुटकळ पात्रं सरळ झाडीबोलीत बोलली तरी चालतील, तिथं नाटक मोडत नाही.

पेटीमास्तर
पदांचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. यातली पदं गडकऱ्यांची नाहीत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. तरी ती कथेला चिकटून बसलेली आहेत, वरून लावलेली वाटत नाहीत. सगळी ठेवू नका. सिंधूची चार निवडा: ‘सत्य वदे वचनाला नाथा’, ‘लागे हृदयी हुरहुर’, ‘कशी या त्यजू पदाला’, ‘चंद्र चवथिचा’. चार पदांतून एक बाई पायरी-पायरीनं कुठं पोचते ते ऐकू येतं: विश्वास, धास्ती, निश्चय, आणि मग अंगाईसारखी ओवी.

प्रत्येक पद तीन मिनिटांच्या आत. बालगंधर्वांची सिंधू लोकांनी तासन्‌तास ऐकली, ती गोष्ट वेगळी. आपल्या मंडपात लांब तान घेतली की मागची पोरं शिट्ट्या वाजवतात आणि प्रवेशाची लय जाते. ऑर्गन आणि तबला पुरे. ऑक्टोपॅड या नाटकात फक्त मदिरा मंडळाला, नृत्य घालायचं असेल तर तेही तिथंच. ‘चंद्र चवथिचा’ला तबलासुद्धा नको, जात्याची घरघर हाच ठेका.

सुधाकरचं काम गद्याच्या बळावर उभं राहतं. पहिल्या प्रयोगात गणपतराव बोडसांनी ते गद्यावरच तोललं. त्याला गायला लावू नका. सिंधू गाते, सुधाकर बोलतो. त्याचा तर्क आणि तिचा सूर यांची ती जुगलबंदी आहे.

जात्यावरची
जात्याचा विषय निघाला म्हणून येते. सिंधूचा दळणाचा प्रवेश बहुतेक ठिकाणी चुकतो. चूक अभिनयात नंतर होते, आधी सामानात होते.

थर्माकोलचं जातं ठेवलं की ते भोवऱ्यासारखं फिरतं. समोर बसलेल्या बायकांनी जातं ओढलेलं असतं किंवा आईला ओढताना पाहिलेलं असतं. त्यांना लगेच कळतं की ही बाई दळत नाही. दगडाचंच जातं आणा, गावात कुणाच्याही परसात पडलेलं सापडेल. तालमीत ज्वारी घालून खरंच दळा. प्रयोगात निम्मं भरलं तरी चालेल.

बसायचं कसं? एक पाय पसरून, एक मुडपून. जोर कमरेतून येतो, मनगटातून नाही. खुंटा उजव्या हातात, डाव्या हातानं घास घालायचा. जात्यात घालतात त्या मुठीलाच घास म्हणतात, हे विसरू नका. ज्या घरात बाळाच्या घासाची वानवा आहे तिथली आई दुसऱ्याच्या दाण्यांचे घास जात्याला भरवते. हे प्रेक्षकाला समजावून सांगायचं नाही. फक्त घास घालताना तिचा हात क्षणभर थांबला पाहिजे, एवढंच.

ओवीचा हिशेब असा ठेवा: एका चरणाला दोन फेरे, चरण संपला की घास, मग पुढचा चरण. घास घालताना गाणं थांबतं, फिरणं मंदावतं, थांबत नाही. दळण बहुधा दोघी समोरासमोर बसून करतात, एकटीला जड जातं. सिंधू एकटी आहे. दोन-चार चरणांनंतर तिचा श्वास वर आला तरच ते खरं. गाणारी सुरात कमी पडली तरी चालेल, दमात खोटी पडायला नको.

लुगड्याचंही सांगते. भारी शालू-पैठण्यांसाठी नावाजलेले बालगंधर्व या भूमिकेत ठिगळांचं लुगडं नेसून उभे राहत. आपल्याकडे नटीला फाटकं नेसायला संकोच वाटतो, मग कडेला जर असलेलं ‘साधं’ पातळ येतं. नको. दोन ठिगळं, तीही वेगळ्या रंगाच्या कापडाची, आणि हातशिलाई दिसेल अशी. मात्र स्वच्छ. सिंधू गरीब झाली आहे, गबाळी झालेली नाही.

आणि रडणं! तिला रडू देऊ नका. पद्माकर भाऊ घरी न्यायला येतो तेव्हाही ती रडून नकार देत नाही. माहेरचा पैसा घ्यायचा नाही ही नवऱ्याची अट ती पाळते ती भीतीनं नाही, स्वतःच्या मानानं. संहितावाचक सरांनी सुधाकरचा मानीपणा सांगितला, तसाच सिंधूतही आहे, फक्त तिचा जात्याला जुंपलेला आहे. नवरा-बायको दोघंही एकाच मातीचे. एकाचा मान घर मोडतो, दुसरीचा ते मोडकं घर धरून ठेवतो.

मोहफूल
ताई, जात्याचं वर्णन फार उपयोगी. पण आजच्या पोरींना सिंधू पटेल का? नवऱ्याच्या हातून बाळ गेलं, स्वतः मरणाला टेकली, तरी पोलिसांसमोर त्याच्यावर आळ येऊ देत नाही. हे दाखवून आपण गावातल्या बायांना काय सांगतो आहोत? मला खरंच काळजी वाटते.

जात्यावरची
काळजी रास्त आहे. याचं उत्तर नाटकातच आहे, त्याचं नाव गीता. तळीरामाची बायको. ती गप्प बसत नाही, नवऱ्याला तोंडावर सुनावते. गडकऱ्यांनी दोन दारुड्यांच्या दोन बायका मांडल्या आहेत, एक सोसणारी, एक भांडणारी, आणि गीतेच्या तोंडी खणखणीत बोल दिले आहेत. आपल्याकडे गीतेचं काम ‘विनोदी भांडखोर बाई’ म्हणून उडवतात आणि वेळ कमी पडला की आधी तिलाच कापतात. मग सिंधू एकटी उरते आणि नाटक खरंच तुम्ही म्हणता तसं होतं. गीतेला चांगली, दमदार नटी द्या. तिची वाक्यं हसण्यावारी नेऊ नका. मंडपातल्या बाया कुणाकडे पाहून मान हलवतात ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

पोलिसांच्या प्रवेशात सिंधूनं शांत राहावं, सोज्वळ चेहरा करून देवी होऊ नये. तिला बोलताना वेदना होतात, वाक्यं तुटतात. खोटं बोलण्याचे कष्ट दिसले पाहिजेत. सुधाकर ते ऐकत उभा असतो. त्या घडीला प्रकाश सिंधूवर कमी आणि सुधाकरवर जास्त ठेवा. तिचं खोटं त्याला फाशीपेक्षा जड जातं.

धानाचा_बांध
रामलाल, शरद, भगीरथ हे सगळं काढून टाकलं तर? मंडळातल्या तिघांचं म्हणणं आहे की ते उपकथानक लांबण लावतं. विधवाविवाहाचा प्रश्न आता तसा उरला नाही असंही ते म्हणतात.

संहितावाचक
कमी करा, काढू नका.

शरद ही सुधाकरची विधवा बहीण. रामलाल तिच्याकडे वडीलधाऱ्या मायेनं पाहतो असं स्वतःला सांगत असतो. मग त्याला कळतं की ही माया तेवढी निर्मळ नाही. तो स्वतःला उभं करून झडती घेतो आणि मागं सरतो, भगीरथाशी तिचं जुळवून देतो. आता विचार करा, साऱ्या नाटकात सुधाकरला उपदेश करणारा माणूस हाच. दारूचा थेंब न घेतलेल्या शहाण्या माणसाचंही पाऊल ‘एवढ्यानं काय होतं’ म्हणत घसरू शकतं, हे दाखवायला गडकऱ्यांनी हा धागा विणला आहे. हा काढला की रामलाल नुसता कीर्तनकार उरतो. भगीरथही मदिरा मंडळातूनच बाहेर पडलेला आहे. म्हणजे परत येता येतं, असं दाखवणारा एकुलता एक माणूस तुम्ही कापणार. मग सुधाकरचं परत न येणं हे नशिबाचा खेळ वाटेल.

माझ्या मते ठेवण्याचं किमान: रामलालचं स्वतःशी झगडणं (संक्षिप्त, चार मिनिटं), भगीरथाचं मंडळ सोडणं, शरद-भगीरथाचा एक प्रवेश. वैद्य आणि डॉक्टर यांच्या भांडणाचा प्रवेश ठेवा, तो कमी करू नका, झाडीतले नट त्यात जीव ओततात. फक्त मागं तळीराम मरतो आहे याचा विसर पडू नये. त्याची खाट रंगमंचाच्या मध्यावर ठेवा, कोपऱ्यात नको. दोघं त्याच्यावरून वाकून वाद घालू देत.

प्रॉम्प्टर
भाषेचं राहिलं. गडकऱ्यांचं वाक्य म्हणजे धानाचा भारा, नीट बांधला नाही तर वाटेत सांडतो. एकामागून एक उपमा, अनुप्रास, समतोल तुकडे, आणि क्रियापद सगळ्यात शेवटी. नट दमला की शेवट खाली पडतो, क्रियापद गिळलं जातं आणि आख्खं वाक्य वाया. उपाय असा: लांब वाक्यात आधी शेवटचं क्रियापद शोधून त्याला चौकट करा. मग सहा-सात शब्दांवर तिरकी रेघ मारून श्वासाच्या जागा ठरवा. प्रत्येक उपमेला पट्टी एक पायरी चढवायची, शेवटच्याला चढवायची नाही, उतरवून थांबायचं. उलट केलं की भाषण होतं.

सुधाकर रामलालला व्यसनाच्या अवस्था समजावून सांगतो ते मोठं भाषण यासाठी उत्तम सराव आहे. हे रडकं भाषण नाही. वकील स्वतःच्याच विरुद्ध खटला चालवतो आहे, मुद्दा मांडतो, पुरावा देतो, पुढं जातो. बुद्धी शाबूत आहे आणि तरी ती कामाची नाही, हे भयंकर आहे. थंडपणे म्हटलं तर अंगावर येतं.

सिंधूची भाषा याच्या उलट. घरगुती, छोटी वाक्यं, नवऱ्याला थेट ‘तुम्ही’ न म्हणता ‘इकडून’ म्हणण्याची त्या काळची रीत. आजच्या पोरांना ते कळत नाही. बदलू नका, पहिल्यांदा म्हणताना तिनं सुधाकरकडे पाहून म्हणावं, पुढं आपोआप कळतं. आणि नाटक उतरणीला लागतं तशी सुधाकरची वाक्यं कशी आखूड होत जातात ते मोजून पाहा. भाषाच त्याला सोडून चालली आहे.

आपल्याकडे वरून लोंबणाऱ्या माइकखाली येऊन बोलायची सवय आहे. या नाटकात तिघांपेक्षा जास्त पात्रं क्वचितच एकदम बोलतात. तीन माइक पुरेत, मधला खाटेवर आणि जात्यावर दोन्हीकडे पोचेल असा. प्रॉम्प्टरनं सुधाकरला वाक्य पूर्ण देऊ नये, पहिले दोन शब्द द्यावेत. पूर्ण दिलं की तो ऐकत बसतो आणि विचार करणारा माणूस दिसत नाही.

मोहफूल
ग्रामपंचायतीचं काय करणार? शेवटी सरपंचांचं भाषण आणि व्यसनमुक्तीची शपथ ठेवा म्हणतील.

धानाचा_बांध
ठेवायचं म्हणतच आहेत.

संहितावाचक
नांदीच्या आधी ठेवा. शपथ, फलक, भाषण, सगळं पडदा उघडण्यापूर्वी. नाटक संपल्यावर काहीही नको, मान्यवरांचे आभारही नको. मंडपात आधी शपथ घेतलेल्या माणसांसमोर सुधाकर शपथ घेतो आणि मोडतो, हे केवढं जड होईल पाहा.

पेटीमास्तर
प्याल्याबद्दल एक सूचना. पहिल्या अंकात तळीराम देतो तो आणि शेवटी सुधाकर विष कालवतो तो, एकच प्याला असू द्या. काचेचा, जाड बुडाचा, लांबून दिसेल असा. मधल्या प्याल्यांना वेगळी भांडी. घर विकलं गेलं, सामान गेलं, तरी तो प्याला कोनाड्यात राहिलेला दिसला पाहिजे. आत पातळ कोरा चहा, एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, नाही तर घोट लांबतो आणि ठसका लागतो. दोन प्याले सारखेच आणून ठेवा, एक फुटतोच.

धानाचा_बांध
लिहून घेतलं सगळं. गीता कापणार नाही, जातं पाटलाच्या वाड्यात आहे, ते उचलायला चार जण लागतील. पहिल्या अंकाच्या प्रती काढून लाल-निळ्या पेन्सिली वाटतो. मुन्सफाचा प्रसंग सुधाकर नुसता सांगतो की आपण तो वेगळा करून दाखवावा, यावर अजून मत हवं आहे.

संहितावाचक
दाखवू नका. त्याच्याच तोंडून येऊ द्या. झालेला अपमान तो किती मोठा करून सांगतो, यातच त्याचा सगळा स्वभाव आहे.